'प्रायव्हेट लिमिटेड'मध्ये टॅक्स वाचतो कुठे?

प्रोप्रायटरला ३० टक्के आणि कंपनीला २२ टक्के, मग तुम्ही अजून प्रोप्रायटर का? उद्योजक मेळाव्यांतल्या व्याख्यात्यांचा आणि अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत धंद्याचं गणित शिकवणाऱ्यांचा हा लाडका प्रश्न आहे. तो ऐकून होलसेल किराणावाला, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवणारा, दोन डंपर भाड्याने लावणारा असे सगळे सीएकडे येतात आणि म्हणतात, 'साहेब, आपलंही लिमिटेड करून टाका.' या सल्ल्याच्या पोटात दोन विधानं आहेत. कंपनी केली की कर कमी बसतो, हे पहिलं. चालता धंदा कंपनीत नेताना कर लागत नाही, नुसती पाटी बदलायची, हे दुसरं. पहिलं विधान बहुतेक लहान धंदेवाल्यांपुरतं खोटं आहे. दुसरं अर्धं खरं आहे, म्हणून जास्त महागात पडतं.

आधी दर पाहू. तो २२ चा आकडा मुळात २२ नाहीच. आयकर कायद्याच्या कलम ११५बीएएखालचा सवलतीचा दर २२ टक्के आहे, पण त्यावर नफा कितीही असो १० टक्के अधिभार आणि वर ४ टक्के उपकर. होतात २५.१६८ टक्के, आणि तेही नफ्याच्या पहिल्या रुपयापासून. प्रोप्रायटरचे ३० टक्के मात्र शेवटच्या पायरीचे आहेत. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर काही नाही. पुढे प्रत्येक ४ लाखांना ५, १०, १५, २०, २५ असा दर चढत जातो आणि ३० टक्के लागतात ते २४ लाखांच्या वरच्या रकमेला. म्हणजे जिन्याच्या शेवटच्या पायरीची तुलना सपाट जमिनीशी केली जाते आणि समोरचे माना डोलावतात. (कलमांबद्दल एक सांगून ठेवतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली आणि क्रमांक बदलले. बाजारात आणि सीएच्या ऑफिसात तोंडी अजून जुनेच क्रमांक आहेत, मीही तेच वापरतो.)

३० लाख निव्वळ नफा असलेला प्रोप्रायटर घ्या. त्याचा कर उपकरासह ४,९९,२०० रुपये, म्हणजे नफ्याच्या साडेसोळा टक्क्यांहून किंचित जास्त. हाच नफा कंपनीत झाला तर कर ७,५५,०४०. हिशेब इथे थांबला तरी अडीच लाखांचा तोटा आहे, पण तो थांबत नाही. उरलेले २२,४४,९६० रुपये कंपनीचे आहेत. घर चालवायला ते लाभांश म्हणून काढले, तर मालकाच्या हातात त्यांवर पुन्हा त्याच्या पायऱ्यांप्रमाणे कर, सुमारे २ लाख ७२ हजार. एकूण सव्वादहा लाखांच्या वर. पाच लाखांचे दहा लाख झाले, आणि याचं नाव करनियोजन.

हा गैरसमज कुठून आला तेही कळण्यासारखं आहे. २० सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने वटहुकूम काढून कंपन्यांचा दर एकदम २२ टक्क्यांवर आणला. मोठी बातमी होती, पहिल्या पानावर आली, लोकांच्या लक्षात राहिली. पुढच्याच अर्थसंकल्पाने लाभांश वितरण कर रद्द केला आणि १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरायला सुरुवात केली. ही बातमी शेअर बाजारवाल्यांनी वाचली, वर्कशॉपवाल्यांनी नाही. ३० टक्क्यांच्या पायरीवरच्या मालकाने कंपनीचा नफा लाभांशाने घरी नेला, तर दोन्ही कर मिळून शंभरातले साडेअठ्ठेचाळीस रुपये जातात. व्याख्यात्यांना सप्टेंबर आठवतो, एप्रिल आठवत नाही.

लहान धंद्याचं चित्र तर याहून वाईट आहे. कलम ४४एडीखाली २ कोटींपर्यंत उलाढाल असलेला (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत) व्यक्तिगत धंदेवाला किंवा भागीदारी फर्म अंदाजित नफ्यावर रिटर्न भरू शकते. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. २ कोटींची सगळी जमा बँकेतून असेल आणि नफा खरोखर तेवढाच असेल, तर उत्पन्न १२ लाख. नव्या प्रणालीतली सूट धरून कर शून्य. वह्या सांभाळायची सक्ती नाही, ऑडिट नाही. कंपनीला हे कलम लागूच होत नाही. उलाढाल दोन लाखांची असो वा दोनशे कोटींची, तिला वैधानिक ऑडिट आहे, आरओसीकडे, म्हणजे कंपनी निबंधकाकडे, दरवर्षीचे फॉर्म आहेत, आणि ते चुकले तर फॉर्मागणिक दिवसाला १०० रुपये. तेच १२ लाख कंपनीत नफा म्हणून राहिले तर कर ३,०२,०१६. शून्यावरून तीन लाखांवर गेलेल्या माणसाला कोणी 'अभिनंदन, तुम्ही आता डायरेक्टर' असं म्हणतं तेव्हा त्याने काय म्हणावं?

यावर समोरून एक उत्तर येतं, आणि ते चांगलं उत्तर आहे. लाभांश कशाला, पगार घ्या. डायरेक्टरचा पगार कंपनीचा खर्च आहे, तो नफ्यातून वजा होतो, मग दोनदा कर कुठे? बरोबर. आता पुढचा हिशेब करा. ३० लाखांचे ३० लाख पगार म्हणून काढले तर कंपनीचा नफा शून्य, कर शून्य, आणि मालकाच्या पगारावर त्याच जुन्या पायऱ्या. फरक फक्त पगारदाराला मिळणाऱ्या ७५,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीचा. कर ४,९९,२०० ऐवजी ४,७५,८००. वाचले २३,४००. एवढ्यात कंपनीचं ऑडिट, आरओसीचं काम आणि दर तिमाहीचं टीडीएस रिटर्न बसवून दाखवावं. बायकोलाही डायरेक्टर करून पगार द्या, हा याचा पुढचा भाग. कंपनीत तुमचा २० टक्के किंवा जास्त मतहक्क असेल आणि बायकोला पगार तिच्या तांत्रिक वा व्यावसायिक पात्रतेमुळे मिळत नसेल, तर कलम ६४ तो पगार उचलून तुमच्याच उत्पन्नात घालतं. ती खरंच हिशेब, खरेदी, कामगार सांभाळत असेल आणि तशी पात्रता असेल तर पगार जरूर द्यावा. पण तो प्रोप्रायटरशिपमध्येही देता येतो. गाडी, फोन, पेट्रोल यांचंही तसंच. धंद्यासाठीचा खर्च दोन्हीकडे सारखाच वजा होतो.

मग कंपनीत कर कुणाचा वाचतो? ज्याला नफा घरी न्यायचा नाही, त्याचा. एक कोटी नफा असलेल्या प्रोप्रायटरला अधिभार आणि उपकरासह २९,५१,५२० रुपये भरावे लागतात. त्याने कंपनी केली, २४ लाख पगार घेतला आणि ७६ लाख कंपनीत ठेवले, तर दोघांचा मिळून कर २२,०५,२६८. साडेसात लाखांच्या आसपास फरक आहे आणि तो खरा आहे. नवी सीएनसी घ्यायची आहे, दुसरी शेड बांधायची आहे, माल उधारीवर अडकतो म्हणून खेळतं भांडवल वाढवायचं आहे, अशा माणसाने कंपनीचा विचार जरूर करावा. पण कंपनीत उरलेले ५६,८७,२३२ त्याच वर्षी लाभांश म्हणून काढले, तर दोघांचा कर ४१ लाख ८२ हजारांवर जातो, म्हणजे प्रोप्रायटरपेक्षा सव्वाबारा लाख जास्त. इथे कर वाचलेला नसतो, पुढे ढकललेला असतो, आणि तोही पैसे कंपनीच्याच कामात राहिले तर. मेळाव्यात हे वाक्य बोललं जात नाही, कारण ते बोललं की निम्मी खोली रिकामी होईल.

धंदेवाल्याला खरं जड जातं ते वेगळंच. त्याची सवय गल्ल्याची असते. पोरीची फी, गावाकडचं घर, भाच्याचं लग्न, जे लागेल ते धंद्याच्या खात्यातून उचलायचं आणि वर्षअखेरीला सीए ते कॅपिटल अकाउंटला 'उचल' म्हणून टाकतो. प्रोप्रायटरशिपमध्ये यात काहीच गैर नाही, तो पैसा त्याचाच आहे. कंपनीत तो त्याचा नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे १९५४ मध्येच बच्चा गुजदर यांच्या प्रकरणात, मुंबईच्याच आयकर आयुक्तांविरुद्धच्या खटल्यात, सांगून ठेवलं आहे. चहाच्या कंपनीचं ६० टक्के उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त होतं, तेव्हा माझ्या लाभांशाचाही तेवढा भाग शेतीचं उत्पन्न धरा, असं भागधारक बाई म्हणत होत्या. न्यायालयाने नकार दिला. कंपनीच्या मालमत्तेत भागधारकाचा हिस्सा नसतो, त्याला जाहीर झालेल्या लाभांशाचा हक्क असतो. चहाचे मळे कंपनीचे, बाईंचे नव्हेत.

म्हणून कंपनीच्या खात्यातून लाभांश नाही, पगारही नाही, नुसती उचल केली, तर कलम २(२२)(ई) उभं राहतं. मोजक्या लोकांच्या मालकीच्या कंपनीने १० टक्के किंवा त्याहून जास्त मतहक्क असलेल्या भागधारकाला उसने दिलेले पैसे, कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत, लाभांश मानले जातात. 'पुढच्या महिन्यात परत भरले हो,' हे ऐकलं जात नाही. उसनी रक्कम त्याच वर्षात परत केली तरी कर टळत नाही, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तरुलता श्याम यांच्या प्रकरणात दिला. शंभर टक्के शेअर आपले असलेल्या कंपनीतून पोरीची फी भरायला दोन लाख उचलले आणि त्यावर कर बसला, हे पटायला धंदेवाल्याला वर्षं लागतात. तोवर नोटीस आलेली असते.

आता दुसऱ्या विधानाकडे. चालता धंदा कंपनीला देणं म्हणजे कायद्याच्या नजरेत मालमत्तेचं हस्तांतरण आहे, आणि हस्तांतरण म्हटलं की भांडवली नफा. कलम ४७ मधलं चौदावं उपकलम प्रोप्रायटरला यातून सूट देतं, पण अटींवर. धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीकडे गेली पाहिजेत. मालकाकडे कंपनीचे किमान ५० टक्के मतहक्क पाच वर्षं राहिले पाहिजेत. आणि मालकाला मोबदला म्हणून फक्त शेअर मिळाले पाहिजेत, दुसरं काहीही नाही.

ही तिसरी अट वाचायला सोपी आहे आणि सर्रास मोडली जाते. मालकाच्या कॅपिटल अकाउंटला समजा ६० लाख जमा आहेत. कुणीतरी हुशार सुचवतो, १ लाखाचे शेअर घ्या आणि ५९ लाख कंपनीला तुमचं कर्ज म्हणून दाखवा, पुढे हवे तसे परत घ्या, स्वतःचंच कर्ज परत घेण्यावर कर नसतो. शेवटचं वाक्य खरं आहे, पण आधीच्या वाक्याने सूट गेली. कर्ज म्हणजे शेअरशिवायचा मोबदला. वह्यांमध्ये गुडविल चढवून ते मालकाच्या कर्जखात्याला जमा करणं हा त्याचाच मोठा भाऊ. शिवाय २०२१ च्या वित्त कायद्याने गुडविलवरचा घसाराही काढून घेतला, तरी तो सल्ला फिरतोच आहे.

कंपनी मालकापासून वेगळी व्यक्ती आहे, हे सांगायला कायद्याच्या प्रत्येक वर्गात लंडनच्या ॲरन सॅलोमनचं उदाहरण देतात. बूट बनवणारा हा माणूस. १८९२ मध्ये त्याने आपला धंदा स्वतःच्याच कंपनीला सुमारे ३९,००० पौंडांना विकला. बायको, मुलगी आणि चार मुलगे यांचा एकेक शेअर, बाकी २०,००१ शेअर त्याचे. कंपनी बुडाली तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९६ मध्ये त्याचीच बाजू उचलून धरली. लोक इथेच थांबतात. पण त्या किमतीतला १०,००० पौंडांचा भाग सॅलोमनने डिबेंचरच्या रूपात, म्हणजे कर्ज म्हणून घेतला होता. आज भारतात त्याने तेच केलं असतं, तर मर्यादित जबाबदारी राहिली असती आणि कलम ४७ ची सूट गेली असती.

भागीदारी फर्मचं थोडं निराळं आहे. फर्मला कंपनी कायद्याच्या कलम ३६६ खाली थेट कंपनी म्हणून नोंदणी करता येते. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये टेक्सपिन प्रकरणात अशा नोंदणीत हस्तांतरणच नसतं असं म्हटलं, त्यामुळे बचावाची एक वेगळी वाट आहे. पण कलम ४७ ची सूट वापरायची तर तिथे एक अट अशी आहे जी घरं मोडते: भागीदारांना शेअर मिळतात ते त्या दिवशीच्या कॅपिटल अकाउंटच्या प्रमाणात, नफ्याच्या वाटणीच्या प्रमाणात नव्हे. दोन भाऊ करारनाम्यात निम्मे-निम्मे असतात. थोरल्याने पैसे धंद्यातच ठेवले, त्याच्या खात्याला ४० लाख. धाकट्याने फ्लॅट घेतला, त्याची उचल जास्त, खात्याला ८ लाख. वीस वर्षं समसमान चाललेला धंदा कंपनी होताच पाचास एक झाला. कागद सही होऊन गेल्यावर धाकट्याच्या बायकोने हे शोधून काढलं की पुढची बैठक सीएकडे नाही, वकिलाकडे होते. खाती आधी सारखी करून घ्यावीत आणि मगच तारीख ठरवावी, एवढं सांगायला कुणाचं काय जातं?

आयकराने माफ केलं म्हणून बाकीची खाती माफ करत नाहीत. प्रोप्रायटरचा गाळा कंपनीच्या नावावर करायचा तर मुद्रांक शुल्क आहे, आणि ते वह्यांतल्या किमतीवर नाही, रेडी रेकनरप्रमाणे येणाऱ्या बाजारमूल्याचा विचार करून. मुंबई-पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून ६-७ टक्क्यांच्या घरात. ८० लाखांच्या गाळ्याला पाच लाखांच्या आसपास, तेही एक रुपयाही हातात न येता. एमआयडीसीतला प्लॉट भाडेपट्ट्याचा असतो, तिथे महामंडळाची परवानगी आणि त्यांचे आकार वेगळे. मग सल्ला येतो की गाळा मागे ठेवा, बाकी धंदा न्या. पण गाळा धंद्याच्या बॅलन्स शीटमध्ये असेल, तर 'सगळी मालमत्ता' ही पहिली अट मोडली.

जीएसटीत चालता धंदा पूर्ण दिला तर त्या व्यवहारावर कर नाही. मात्र पॅन नवा म्हणून नोंदणी नवी, न वापरलेलं इनपुट क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने आणि सीएच्या दाखल्याने न्यायचं, आणि कॅश लेजरमधली शिल्लक त्या फॉर्मने जातच नाही, तिचा परतावा मागायचा. जुनी गिऱ्हाइकं पुढे वर्षभर जुन्याच पॅनवर टीडीएस कापत राहतात. हे सगळं निस्तरता येतं, फक्त 'लिमिटेड करून देतो' म्हणणाऱ्यांच्या पॅकेजच्या किमतीत धरलेलं नसतं.

'टॅक्सचं राहू द्या, जबाबदारी तर मर्यादित झाली?' पुरवठादारांपुरती झाली. बँक कर्ज देताना डायरेक्टरची वैयक्तिक हमी घेतेच, आणि अशा हमीदारांवर दिवाळखोरी संहितेखाली कारवाई करता येते हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये मान्य केलं आहे. खुद्द करखात्यापुढे तर हा पडदा फारच पातळ आहे. कलम १७९ खाली खासगी कंपनीचा थकलेला आयकर डायरेक्टरकडून वसूल करता येतो. आपल्या घोर हलगर्जीपणामुळे वा गैरवर्तनामुळे वसुली राहिली नाही, हे डायरेक्टरनेच सिद्ध करायचं. जीएसटीत कलम ८९ तेच सांगतं.

गुंतवणूकदार आणायचा म्हणून कंपनी करणाऱ्यांचं कारण मला पटतं, फक्त त्यांनी पाच वर्षांची अट नीट वाचावी. तिसऱ्या वर्षी मालकाचा हिस्सा ५० टक्क्यांखाली गेला, तर कलम ४७ए प्रमाणे तेव्हा माफ केलेला नफा करपात्र होतो, आणि तो जुन्या मालकाच्या नव्हे, कंपनीच्या उत्पन्नात. म्हणजे नव्या गुंतवणूकदाराच्या पैशातून जुन्या मालकाचा कर जायचा. गुंतवणूकदाराचे वकील हे पहिल्या आठवड्यात शोधतात आणि भावात कापतात.

गुंतवणूक दिसते आहे, नफा धंद्यातच राहणार आहे, अशांना एक साधा रस्ता आहे, ज्याचं पॅकेज होत नाही म्हणून कुणी सांगत नाही. धंदा हलवूच नका. नवी कंपनी काढा, नव्या ऑर्डरी तिच्या नावाने घ्या, जुनी प्रोप्रायटरशिप आपल्या उधाऱ्या वसूल करून वर्ष-दीड वर्षात आपोआप रिकामी होऊ द्या. माल आणि यंत्रं कंपनीला लागतील तशी बाजारभावाने बिल करून, जीएसटी लावून विका; कंपनीला त्याचं क्रेडिट मिळेल. यंत्रांवर थोडा कर निघेल, तो भरा. गाळा स्वतःच्या नावावर ठेवा आणि कंपनीला रीतसर करार करून भाड्याने द्या. त्या भाड्यावर घरमालमत्तेच्या उत्पन्नाची ३० टक्के वजावट मिळते, मुद्रांक शुल्क लागतं ते भाडेकरारापुरतं, आणि कंपनी उद्या बुडाली तरी, गाळा बँकेकडे तारण नसेल आणि वैयक्तिक हमीची वसुली आली नाही, तर तो तुमचाच राहतो.